डोंगराला झेपेल एवढंच : सिमल्याच्या विद्यासंस्था आणि पाण्याची वाट



आजच्या विषयात 'शाश्वत' हा शब्द आहे. तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्याला तो थोडा खटकतो. आमच्याकडे शाश्वत म्हणजे ज्याला आदी नाही आणि अंत नाही ते. इमारत तशी नसते. विद्यापीठ तर नसतंच. इंग्रजीत ज्या शब्दासाठी आपण 'शाश्वत' वापरतो त्याचं लॅटिन मूळ पाहिलं, तर अर्थ निघतो 'खालून तोलून धरणं'. मराठीत त्याला साधं क्रियापद आहे : झेपणं. डोंगरातलं विद्यापीठ डोंगराला झेपतं का, असा प्रश्न विचारला की विषय एकदम जमिनीवर येतो. हा प्रश्न मी आज सिमल्याच्या इतिहासाला विचारणार आहे.

आधी जागा समजून घेऊ. सिमला सुमारे २२०० मीटर उंचीवर, एका लांबट धारेवर वसलेलं आहे. ही धार म्हणजे पाणलोटाची सीमा. एका अंगाला पडलेला पाऊस सतलजकडे जातो आणि शेवटी अरबी समुद्राला मिळतो. दुसऱ्या अंगाचा गिरी नदीतून यमुनेला, म्हणजे बंगालच्या उपसागराकडे. आपल्याकडे महाबळेश्वरी कृष्णा पूर्वेला वळते आणि सावित्री पश्चिमेला उतरते, तसंच. आता अशा धारेवर राहणाऱ्या माणसाची अडचण बघा. पाऊस भरपूर, वर्षाला साधारण १५०० मिलिमीटर. पण पाणी थांबत नाही. ते दोन्ही बाजूंनी निघून जातं, आणि जाताना उतार पोखरत जातं. पाणी मिळवणं आणि पाण्याला नीट वाट देणं, हे इथे एकाच प्रश्नाचे दोन भाग आहेत.

या भागातल्या गवंड्या-सुतारांना हे कळलेलं होतं. 'काठकुणी' नावाची त्यांची पद्धत आहे. देवदाराची तुळई, तिच्यावर दगडांचा थर, पुन्हा तुळई. मध्ये चुना-सिमेंट काही नाही. भूकंपात अशी भिंत थोडी हलते, पण कोसळत नाही. दुसरी पद्धत 'धज्जी' : लाकडी चौकटी आणि त्यांत दगडमाती भरलेली. ही घरं हलकी आणि आटोपशीर. उतार फार न खोदता, आहे त्या टप्प्यावर बसणारी. १९०५ च्या कांगडा भूकंपात सुमारे २० हजार माणसं गेली, त्या प्रदेशाच्या शेजारची ही बांधकामविद्या आहे. तिच्यामागे ग्रंथ नव्हता, अनुभव होता.

मग इंग्रज आले. १८६४ साली सिमला हिंदुस्थानची उन्हाळी राजधानी झाली. ऑब्झर्व्हेटरी हिलवर व्हाइसरॉयसाठी प्रासाद उभा राहिला; वास्तुविशारद हेन्री अर्विन. १८८८ मध्ये लॉर्ड डफरिन तिथे राहायला गेले. राखाडी दगड, ब्रह्मदेशातलं सागवान, विजेचे दिवे. टेकडीचा माथा, म्हणजे सर्वांत मानाची जागा, एका कुटुंबासाठी. वर्षातले काही महिनेच वापर! झेपण्याच्या दृष्टीने पाहिलं तर हा उधळेपणाच. पण याच वास्तूत एक शहाणपण आहे. छपरावरचं पावसाचं पाणी हिरवळीखालच्या टाक्यांत साठवण्याची सोय तिथे केलेली आहे. माथ्यावर राहायचं तर माथ्यावर पडणारं पाणी धरून ठेवलं पाहिजे, एवढं त्या बांधणाऱ्यांना उमगलं होतं.

स्वातंत्र्यानंतर ही वास्तू 'राष्ट्रपती निवास' झाली. राष्ट्रपतिपदी एक तत्त्वज्ञ होता, डॉ. राधाकृष्णन. त्यांनी ती अभ्यासकांच्या हाती दिली, आणि २० ऑक्टोबर १९६५ रोजी भारतीय प्रगत अध्ययन संस्थेचं उद्घाटन झालं. पहिले संचालक इतिहासकार नीहाररंजन राय. मला यातलं औदार्य तर महत्त्वाचं वाटतंच, पण आजच्या विषयासाठी दुसरी गोष्ट अधिक मोलाची आहे. देशाने एक मोठी विद्यासंस्था काढली, आणि त्यासाठी नवा डोंगर फोडला नाही. असलेली वास्तू वापरली. सर्वांत कमी भार टाकणारी इमारत कोणती? जी नव्याने बांधावी लागत नाही ती.

१९७० साली त्याच बाजूला, समर हिलवर, हिमाचल प्रदेश विद्यापीठ स्थापन झालं. ते व्हायलाच हवं होतं. डोंगराळ राज्यातल्या मुलांनी पदवीसाठी मैदानात का उतरावं? पण शहरही त्याच वेगाने वाढत होतं. २०११ च्या जनगणनेत सिमल्याची लोकसंख्या सुमारे १ लाख ७० हजार भरली. उतारावर काँक्रीटचे मजले चढले. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने दोन मजले आणि पोटमाळा एवढीच मर्यादा घातली, गाभ्याच्या आणि हरित पट्ट्यात तर नव्या बांधकामाला मनाई केली. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द करून शहराच्या विकास आराखड्याला वाट मोकळी केली. कायद्याचा प्रश्न सुटला. डोंगराचा?

त्याचं उत्तर दोन तारखांत आहे. मे २०१८ : सिमल्याचे नळ कोरडे पडले, लोक रात्री टँकरसाठी रांगा लावत होते, पर्यटकांनी येऊ नका असं रहिवासी सांगू लागले. १४ ऑगस्ट २०२३ : अतिवृष्टीत समर हिलजवळचा उतार सुटला. शिवमंदिर गाडलं गेलं, खालच्या कालका-सिमला रेल्वेचे रूळ हवेत लोंबकळले. २० माणसं गेली, त्यांत विद्यापीठातली माणसंही होती. श्रावणातला सोमवार होता, पूजेला आलेली माणसं होती ती. दोष कुणाचा, हा आजचा विषय नाही. एकाच शहरात पाच वर्षांच्या अंतराने पाण्यावाचून हाल आणि पाण्यामुळे मृत्यू, हे एकत्र वाचा, एवढंच मी म्हणतो.

आता साधा हिशेब करू. १००० चौरस मीटरचं एक छप्पर धरा. १५०० मिलिमीटर पावसात त्यावर वर्षाला १५ लाख लिटर पाणी पडतं. पाचवा हिस्सा वाया गेला तरी १२ लाख उरतात. हेच छप्पर एका दिवसात १०० मिलिमीटर पाऊस झाला तर १ लाख लिटर पाणी उतारावर सोडतं. धरलं तर ते वसतिगृहाच्या कामाचं. सोडलं तर खालच्या माणसाच्या डोक्यावर. अर्थात टाकीही कुठे बांधायची ते पाहावं लागतं. ठिसूळ उतारावर भरलेली किंवा गळकी टाकी म्हणजे नवंच ओझं. तिला खडकाचा आधार हवा, आणि जादा पाण्याला थेट नैसर्गिक नाल्यापर्यंत नेणारी पक्की वाट हवी.

म्हणून डोंगरी विद्यापीठाचा आराखडा इमारतींपासून सुरू होऊ नये. कागदावर आधी नाले आणि झरे काढावेत, मग कच्चे उतार, मग देवदार. उरलेल्या जागेत माणसांनी बसावं. दक्षिणेचं ऊन खोल्यांत घ्यावं, म्हणजे हिवाळ्यात इंधन कमी लागेल. मोटारींचे रुंद रस्ते कापण्याऐवजी पायवाटा आणि पायऱ्या ठेवाव्यात, कारण प्रत्येक रस्ता म्हणजे उताराचा कापलेला पाय. यावर कुणी म्हणेल, मग विद्यार्थ्यांची संख्या मर्यादित राहील. हो, राहील. तेव्हा दुसरा परिसर दुसऱ्या गावी काढावा, त्या गावालाही विद्यापीठ मिळेल.

शेवटी माझ्या विषयाकडे येतो. नीतिशास्त्रात 'शेजारी कोण?' हा जुना प्रश्न आहे. मैदानात शेजारी भिंतीपलीकडे असतो. डोंगरात तो खाली असतो, आणि वरून तो दिसत नाही. माथ्यावर बसून ज्ञानसाधना करणाऱ्या संस्थेने आपल्या अंगणातलं पाणी कुणाच्या दारात जातं, हे माहीत करून घेणं, हा तिच्या अभ्यासक्रमाचा पहिला धडा असायला हवा. छतावरची सौरपटलं आणि प्रवेशद्वारावरचा हरित परिसराचा फलक त्यानंतर.