बम-डि-टीची कुळकथा

अमेरिकेत 'ओल्ड-टाइम' म्हणतात त्या जुन्या चालीचा बँजो शिकायला बसलं, की आधी धून हाती लागत नाही, ठेका लागतो: बम-डि-टी. (आपल्या गणपतीच्या मिरवणुकीतला बेंजो निराळा, बटणं दाबून वाजणारं ते वाद्य जपानी तैशोगोतोच्या कुळातलं.) पंजा अर्धवट मिटायचा आणि तर्जनीचं किंवा मधल्या बोटाचं नख एका तारेवर वरून खाली मारायचं. मग तेच नख दोन-तीन तारांवरून झटकन खाली न्यायचं. तेवढ्यात अंगठा आखूड पाचव्या तारेवर टेकलेला असतो. हात उचलताना तो तिला छेडून सुटतो. याला क्लॉहॅमर म्हणतात. गिटार वाजवणाऱ्यांची इथे फार पंचाईत होते, कारण त्यांच्या बोटांना तार वर ओढायची सवय असते.

ती पाचवी तार दांडीच्या मध्येच एका खुंटीला बांधलेली असते. सतारीच्या चिकारीसारखा तिचा उंच सूर धुनेच्या मधून मधून टोचत राहतो.

ही तार आणि हा आघात, दोन्हींचा माग पश्चिम आफ्रिकेत लागतो. सेनेगाल-गाम्बियाकडचे जोला लोक आकोन्टिंग वाजवतात. भोपळ्यावर मढवलेलं कातडं, लांब दांडी, तीन तारा, त्यांतली एक आखूड. नख खाली जातं, आखूड तार अंगठ्याकडे. २००० साली गाम्बियाच्या डॅनियल जट्टा यांनी हे अमेरिकेतल्या बँजो-संग्राहकांपुढे मांडलं, तेव्हा जाणकार चमकले. आकोन्टिंगलाच बँजोचा एकमेव पूर्वज म्हणणं मात्र घाईचं होईल. कातडं मढवलेली भोपळ्याची तंतुवाद्यं त्या भागात कितीतरी आहेत.

गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी ती ओळख समुद्रापार नेली. हान्स स्लोन यांनी जमैकात पाहिलेल्या अशा वाद्यांचं चित्र १७०७ साली छापलं. व्हर्जिनियाच्या जोएल स्वीनी या गोऱ्या वादकाने आखूड तार शोधली, ही कथा पुष्कळ काळ चालली. पण ही तार दक्षिण कॅरोलिनातल्या 'द ओल्ड प्लँटेशन' या चित्रात आधीच आहे, आणि ते चित्र स्वीनीच्या १८१० मधल्या जन्माच्याही आधीचं. स्वीनी कृष्णवर्णीय वादकांकडून शिकला आणि तोंडाला काळं फासून रंगमंचावर गेला. १८४३ मध्ये न्यूयॉर्कमध्ये 'व्हर्जिनिया मिन्स्ट्रेल्स' ही मंडळी उभी राहिली आणि काळं फासून कृष्णवर्णीयांची नक्कल करणाऱ्या अशा खेळांची लाटच आली. वाद्य ज्यांचं, टिंगलही त्यांचीच. थॉमस ब्रिग्ज यांच्या १८५५ च्या शिकवणी-पुस्तकात नखाचा हाच खाली जाणारा आघात सांगितला आहे.

पुढे भोपळा गेला, लाकडी कडं आलं, पडदे आले, पोलादी तारा आल्या. शहरांत बोटांनी तारा वर ओढायची पद्धत रूढ झाली. १९४५ मध्ये बँजोवादक अर्ल स्क्रग्ज बिल मन्रो यांच्या वाद्यवृंदात आले आणि स्क्रग्ज यांच्या तीन बोटांच्या झपाट्यापुढे जुना हात मागे पडला. तो टिकला अ‍ॅपलाचियन डोंगराळ भागात. उत्तर कॅरोलिनाच्या राउंड पीक भागातल्या टॉमी जॅरेल यांच्याकडे शिकायला लांबून तरुण येत.

कृष्णवर्णीय बँजोवादकही होतेच, पण १९२० च्या दशकात तबकड्यांच्या कंपन्यांनी डोंगरी संगीत गोऱ्यांच्या नावे आणि ब्लूज काळ्यांच्या नावे विकलं, त्यात ते दिसेनासे झाले. २००५ पासून रिअ‍ॅनन गिडन्स ही कृष्णवर्णीय बँजोवादक आणि तिचे सोबती उत्तर कॅरोलिनातच जो थॉम्प्सन या वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या घरी जाऊन बसू लागले, आणि त्याच्या फिडलमागे बँजो कसा चालवायचा ते तिथे शिकले.