बंबाची दुरुस्ती आणि जयणा



१८६३ साली बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि लोणावळा-खंडाळ्यात हवेसाठी बंगले उभे राहिले. पावसाळ्यात इथल्या भिंतीही ओल धरतात. अशा घरांत आंघोळीचं पाणी तापवायला न्हाणीत तांब्याचा बंब असे. मधोमध धुराचं नळकांडं, भोवती पाणी, खाली जाळीवर निखारे.

बंब धुमसू लागला की जुन्या बायका क्रमाने पाहत: लाकूड ओलं आहे का, जाळी राखेनं बुजली का, नळकांडं काजळीनं तुंबलं का. राखेत पाणी ठिबकलं, तर सांधा सुटलेला. पाणी न भरता बंब पेटवला की बहुधा हेच होतं. मग तांबटाला गाठायचं. पुण्याच्या कसबा पेठेतली तांबट आळी या कामासाठी जुनी आणि नावाजलेली.

आपल्या घरांत याआधी आणखी एक काम असतं. चातुर्मासात लाकडात मुंग्या, वाळवी, किडे दडतात. बंद पडलेल्या नळकांड्यात कोळी जाळं विणतो, पाल शिरते. म्हणून प्रत्येक लाकूड आपटून, पुंजणीनं हलकेच झाडून घ्यायचं, नळकांड्यात डोकवायचं, मगच काडी ओढायची.

शिवाय अग्नी हाही आपल्याकडे जीवच, अग्निकाय. तुंबलेला बंब जास्त लाकूड खातो, जास्त वेळ जळतो. साफ बंब थोडक्यात पाणी तापवतो. म्हणजे बंबाची दुरुस्ती ही नुसती काटकसर नाही, जयणाच आहे.

आता गीझर आले. तरी गावच्या घरी जुना बंब पेटवणार असाल, तर आधी नळकांड्यात नक्की डोकवा.