पोटगी कोणाची? अमेरिकेतील एका नियमाचा इतिहास

तालुक्याच्या कोर्टाबाहेर टायपिंगचा व्यवसाय करताना मी पोटगीचे अर्ज शेकड्यांनी टाइप केले. पैसे मिळतील का, एवढीच त्या बायकांची विवंचना असे. मिळाले तर ते कोणाचे, असे कोणी विचारले नाही. अमेरिकेत मात्र हाच प्रश्न गेली पन्नास वर्षे कायद्यात गुंतून पडला आहे, हे पुढे वाचनात आले आणि मी त्याच्या मागे लागलो.

मूळ इंग्लंडात सापडते. अनौरस मुलाच्या पोषणाचा खर्च पॅरिशवर, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीतील लोकांवर पडला, तर आईबापांकडून दर आठवड्याला रक्कम घेण्याचा अधिकार १५७६च्या कायद्याने न्यायाधीशांना दिला. मला यात मुलाच्या भुकेपेक्षा करदात्यांच्या खिशाची काळजी अधिक दिसते.

अमेरिकेने १९३५ साली निराधार मुलांसाठी सरकारी मदत सुरू केली. ती प्रामुख्याने विधवांच्या मुलांसाठी असेल, अशी कल्पना होती. पण हळूहळू हयात असून घरात नसलेल्या बापांचीच मुले यादीत वाढली. लुइझियानाचे सिनेटर रसेल लाँग यांनी वसुलीचा आग्रह धरला आणि जानेवारी १९७५मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी कायद्यावर सही केली. मदत हवी असेल, तर आईने पोटगीचा हक्क राज्याच्या नावे करून द्यायचा. बापाने दोनशे डॉलर भरले, तर ते राज्य आणि केंद्र वाटून घेणार. मुलाच्या ताटात काहीच वाढणार नाही.

असा बाप उघडपणे पैसे कशाला भरेल? कॅथरिन एडिन आणि लॉरा लाइन यांनी गरीब आयांच्या मुलाखती घेतल्या. त्यांचे पुस्तक १९९७ साली आले. अनेक बाप कार्यालयाला चुकवून थोडे पैसे परस्पर आईच्या हातात देत होते. कायद्याच्या दृष्टीने ही लपवाछपवी. आमच्याकडचा एखादा बाप असे आपणहून देईल, तर त्याला लोक शहाणा म्हणतील!

१९८४मध्ये काँग्रेसने थोडी माघार घेतली: महिन्याच्या वसुलीतले पहिले पन्नास डॉलर कुटुंबाला, आणि त्यापायी मदत कापायची नाही. १९९६च्या सुधारणेने ही सक्तीही काढली. राज्याला द्यायचे तर खुशाल द्यावे, पण केंद्राचा वाटा पदरमोड करून भरावा. बहुतेक राज्यांनी हात आखडला.

विस्कॉन्सिनने उलटे केले. केंद्राची खास परवानगी काढून १९९७पासून बहुतेक कुटुंबांना सगळी पोटगी दिली आणि तुलनेसाठी काहींना तिचा भागच दिला. ज्यांची पोटगी पूर्ण पोचत होती, त्या गटात पितृत्वाची नोंद लवकर झाली आणि पैसे भरणारे बापही अधिक निघाले. सरकारी खर्चात मात्र लक्षणीय वाढ आढळली नाही. मला हा सगळ्या इतिहासातला सर्वांत बोलका पुरावा वाटतो, कारण वाद तर तिजोरीच्या नावाने चालला होता.

पुढे २००६च्या कायद्याने एका मुलासाठी शंभर आणि दोन किंवा अधिक मुलांसाठी दोनशे डॉलरपर्यंतच्या रकमेवरील आपला वाटा केंद्राने सोडला. २०१७मध्ये कोलोरॅडो चालू महिन्याची संपूर्ण पोटगी कुटुंबाला देऊ लागले. मदतीच्या काळातली जुनी थकबाकी मात्र अनेक राज्यांत अजूनही सरकारचीच धरली जाते.