जुन्या ट्रकचा पंप आणि नव्या गाडीचा ईसीएम

ऊस वाहणाऱ्या जुन्या टाटा ट्रकला नव्या गाडीसारखं इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन बसवता येईल का, असं मला बरेच जण विचारतात. उत्तर देण्याआधी थोडा इतिहास बघू.

रुडॉल्फ डिझेलचं इंजिन १८९७ मध्ये यशस्वी झालं, तेव्हा सिलिंडरमध्ये तेल फवारायला दाबलेली हवा लागायची. त्यासाठी इंजिनाला कॉम्प्रेसर जोडावा लागे. एवढं धूड ट्रकवर कुठं बसवणार? १९२७ मध्ये जर्मनीत बॉशने इंजेक्शन पंपाचं मोठं उत्पादन सुरू केलं आणि डिझेल ट्रकचा रस्ता मोकळा झाला. आपल्याकडे १९५१ मध्ये बंगळूरला बॉशच्या सहकार्याने मायको उभी राहिली. १९५४ मध्ये टेल्कोने डाइमलर-बेंझशी करार करून जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतले.

त्या लाइन पंपात प्रत्येक सिलिंडरला एक एलिमेंट असतो. प्लंजरवर तिरकी खाच असते. गव्हर्नरने रॅक सरकवला की प्लंजर फिरतो आणि डिझेल कमी-जास्त होतं. म्हणजे दाब तयार करायचा, डिझेल किती द्यायचं आणि कधी द्यायचं, ही तिन्ही कामं एकाच डब्यात, तीही लोखंडाने केलेली. एअर धरली तर हँडपंप मारून काढायची, काळा धूर वाढला तर पंप-नोझल कॅलिब्रेशनला टाकायचं. तालुक्याच्या गावचा पंपवाला मिस्त्री या पंपावरच पोट भरत आला.

कॉमन रेलने ही कामं वेगळी केली. १९९५ मध्ये जपानमध्ये डेन्सोची ही सिस्टिम हिनोच्या ट्रकवर आली. यात पंप फक्त दाब तयार करतो. किती आणि कधी, हे सेन्सरचं ऐकून ईसीएम ठरवतो. जुनं नोझल साधारण २०० बारला उघडतं. इथं लोड आला की रेलचा दाब हजार बारच्या वर जातो. फवारा बारीक, त्यामुळे धूर कमी. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्यांना बीएस-६ लागू झालं. २०२३ पासून ५० एचपीवरच्या ट्रॅक्टरलाही कडक नियम आले.

आता मूळ प्रश्न. नुसता पंप उतरवून ईसीएम लावला, असं होत नाही. क्रँकची जागा कळायला दातांची चकती आणि सेन्सर हवा, नवा हायप्रेशर पंप हवा, हेडमध्ये बसतील असे इंजेक्टर हवेत. पिस्टनची वाटीसुद्धा जुन्या फवाऱ्याच्या हिशोबाने केलेली. वर त्या इंजिनासाठी सॉफ्टवेअर बसवायचं. एवढा खर्च जुन्या ट्रकवर वसूल होईल, असं मला वाटत नाही. त्यापेक्षा पंप-नोझल वेळेवर कॅलिब्रेट करा.

नवी गाडी घेताना मात्र एक विचारा: ऐन हंगामात बंद पडली, तर स्कॅनरवाला किती लांब आहे? आणि ड्रममधलं गाळ-पाण्याचं डिझेल तिला पाजू नका. जुना पंप थोडंफार सोसायचा, इंजेक्टर सोसत नाही.