माछिल, जानेवारी 2017 : बर्फातून निघाल्यानंतरचे दोन दिवस

पूर्णा जंक्शनवर थांबणारी नांदेड–अमृतसर सचखंड एक्स्प्रेस मराठवाड्यातल्या जवानांना थेट पंजाबपर्यंत पोहोचवते. तिथून पुढे जम्मू, श्रीनगर, आणि कुणाच्या नशिबी कुपवाडा जिल्ह्यातलं नियंत्रण रेषेजवळचं माछिल. परभणी जिल्ह्यातला एक जवान जानेवारी 2017 मध्ये तिथे तैनात होता.

25 जानेवारी, बुधवार. काश्मीरमध्ये चिलई कलानचे, म्हणजे 21 डिसेंबरपासूनच्या कडक थंडीच्या चाळीस दिवसांचे, शेवटचे दिवस. बर्फ कोसळतच होतं. सोनमर्गला लष्कराच्या छावणीवर हिमकडा कोसळला, एक अधिकारी गेला. गुरेझमध्ये एका घरातली चार माणसं गाडली गेली. तिथेच लष्कराची छावणी आणि गस्तीची तुकडीही हिमस्खलनात सापडली.

असं का होतं? जुन्या बर्फाच्या तळाशी थंडीने मोकळे, जाड दाणे तयार होतात. त्यांची एकमेकांवर पकड नसते. वर ताज्या बर्फाचा जड थर बसतो. फरशीवर सांडलेल्या ज्वारीवर पाय पडला की माणूस घसरतो, तसा तो अख्खा थर घसरतो. 30 ते 45 अंशांचे उतार सर्वांत धोक्याचे. गुलमर्गला स्कीइंग करणारा असा उतार पाहून हॉटेलात परतू शकतो. चौकीवरच्या जवानाला ती मुभा नाही.

26 आणि 27 जानेवारी. गुरेझमध्ये मृतदेह निघत राहिले. तिथे गेलेल्या जवानांचा आकडा 14 वर पोहोचला.

28 जानेवारी, शनिवार. माछिलमध्ये बर्फाने झाकलेली वाट खचली आणि पाच जवान खाली दबले. त्यांतले तिघे महाराष्ट्राचे : परभणी, सातारा आणि सांगलीचे.

पहिली 15 मिनिटं. आल्प्समधल्या नोंदी सांगतात की, पूर्ण गाडल्या गेलेल्यांना एवढ्या वेळात बाहेर काढलं तर दहातले नऊ वाचतात.

35 मिनिटं. आता दहातले जेमतेम तीन. बहुतेक जण गुदमरून जातात, कारण उच्छ्वासाची वाफ तोंडापुढे गोठून हवा अडवते.

साथीदारांनी पाचही जणांना जिवंत बाहेर काढलं. त्या थंडीत, ताज्या बर्फात, वरून पुन्हा बर्फ कोसळायची भीती असताना. या कामाची म्हणावी तेवढी चर्चा झाली नाही, ती व्हायला हवी होती.

पण बर्फातून निघालेला माणूस लगेच वाचलेला नसतो. शरीराचं तापमान फार उतरलं असेल तर त्याला उचलतानाचा हिसकासुद्धा हृदय बंद पाडू शकतो. त्याला सावकाश ऊब आणि सतत देखरेख लागते. आत मार असेल तर शस्त्रक्रिया लागते. हे सगळं श्रीनगरच्या लष्करी रुग्णालयात होतं. माछिलची घाटवाट हिवाळ्यात बर्फाने बंद असते. उरलं हेलिकॉप्टर.

29 जानेवारी, रविवार. हवामान खराब. त्यांना हेलिकॉप्टरने हलवता आलं नाही. पाच जिवंत जवान, आणि बाहेर पडायला वाट नाही. मला या घटनाक्रमातला सर्वांत असह्य दिवस हाच वाटतो.

30 जानेवारी, सोमवार. हवा उघडली, पाचही जणांना श्रीनगरला नेलं. त्याच दिवशी पाचही गेले.

त्या आठवड्यात काश्मीरच्या बर्फाने 20 सैनिक घेतले. हिमस्खलनाचा इशारा देणारी यंत्रणा आपल्याकडे आहे. 1969 पासून या बर्फाचा अभ्यास करणारी संरक्षण खात्याची संस्था उतारांवर नजर ठेवते, आणि ते काम मोलाचं आहे. पण इशारा मिळाला म्हणून चौकी रिकामी होत नाही. म्हणून माझं म्हणणं उपचारांबद्दल आहे. वाट बंद होणाऱ्या प्रत्येक खोऱ्यात, हिवाळा लागण्याआधी, गारठलेल्या आणि जखमी माणसाला दोन-तीन दिवस जगवू शकेल असं पथक आणि साहित्य मुक्कामाला असलं पाहिजे. हेलिकॉप्टर येईल या भरवशावर ते सोडता येणार नाही. परभणीची मुलं यंदाही भरतीला उभी राहतील. आपल्या खासदारांना पत्र लिहा, भेटा, आणि माछिलमध्ये आज काय सोय आहे ते विचारा.