खुलताबाद परिसरातील परसबाग

खुलताबाद परिसरातील परसबाग म्हणजे छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील खुलताबाद शहर व तालुक्यात घराच्या मागील अथवा बाजूच्या मोकळ्या जागेत राखली जाणारी लहान बाग होय. घरापुरता भाजीपाला, दोन-चार फळझाडे, पूजेची फुले व तुळस हे तिचे परंपरागत स्वरूप आहे. अलीकडच्या काळात नव्या घरांपुढे हिरवळ (लॉन) लावण्याचा प्रघातही पडला आहे. येथील हवामान उष्ण व कोरडे असल्याने मे महिन्यात हाताशी असलेल्या पाण्यावर काय जगवावयाचे, हा या बागेचा मुख्य प्रश्न असतो. त्या क्रमात हिरवळीचे स्थान शेवटचे ठरते.

हवामान व जमीन

खुलताबाद हे छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे २५ किलोमीटर अंतरावर, दौलताबाद व वेरूळ यांच्या दरम्यानच्या डोंगरपठारावर वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ८५० मीटर आहे. जिल्ह्याचे सरासरी वार्षिक पर्जन्यमान ७०० मिलिमीटरच्या आसपास असून त्यातील बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो. एप्रिल-मेमध्ये दुपारचे तापमान ४० अंश सेल्सिअसच्या जवळ जाते व कोरडे वारे वाहतात. केवळ उन्हापेक्षा ऊन व वारा यांचा एकत्रित परिणाम झाडांना अधिक बाधतो.

पठारावर मातीचा थर उथळ असून त्याखाली मुरूम व बेसाल्ट खडक लागतो. अशा जमिनीत पाणी टिकत नाही, म्हणून झाड लावण्यापूर्वी खोल खड्डा घेऊन तो शेणखत व तलावातील गाळमातीने भरतात. सखल भागातील काळ्या मातीचा दोष याच्या उलट आहे. ती पावसाळ्यात पाणी धरून मुळे कुजवते आणि उन्हाळ्यात भेगाळून तीच मुळे तोडते.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

खुलताबादमध्ये बागांची परंपरा मुघलकाळापासून दिसते. बनी बेगम बाग व लाल बाग ही तिची ठळक उदाहरणे होत. भोवती उंच भिंत, मध्ये कबर आणि कारंजी अशी बनी बेगम बागेची रचना आहे. भिंतीमुळे कोरडा वारा अडतो, हा अशा रचनेचा एक मोठा लाभ आहे. औरंगाबाद शहरासाठी नहर बांधणारा मलिक अंबर (मृत्यू १६२६) याची कबरही खुलताबादलाच आहे. त्याच्या नहरीतून डोंगराकडील पाणी जमिनीखालून शहरात आणले जाई, त्यामुळे वाटेत त्याची वाफ होण्यास वाव नव्हता.

या ऐतिहासिक बागा पाहून आपल्याकडे पूर्वीपासून हिरवळ राखली जात असे, असा समज होतो. तो बरोबर नाही. मुघल चारबागेत फळझाडे व फुलझाडे यांना महत्त्व होते. आग्र्याच्या ताजमहालाभोवती आज दिसणारी विस्तीर्ण हिरवळ ही ब्रिटिश काळातील फेरबदलांची देणगी आहे. कापलेल्या गवताचा गालिचा ही मुळात थंड, ओलसर इंग्लंडमधील कल्पना आहे.

हिरवळ

एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर उंचीचे पाणी म्हणजे एक लिटर पाणी. कडक उन्हाळ्यात हिरवीगार राखलेली हिरवळ दिवसाकाठी साधारणपणे ४ ते ५ मिलिमीटर पाणी वापरते. म्हणजे ५० चौरस मीटरच्या लहानशा हिरवळीला रोज २०० ते २५० लिटर पाणी लागते. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरडोई दररोज ५५ लिटर हे प्रमाण धरले आहे. याचा अर्थ चार माणसांच्या वाट्याचे पाणी गवताला द्यावे लागते. २०१२-१३ व २०१५-१६ च्या दुष्काळांत मराठवाड्यातील अनेक गावांना टँकरने पाणी पुरवावे लागले होते, हे लक्षात घेता या हिशेबाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

तरीही मुलांना खेळण्यासाठी किंवा धूळ बसावी म्हणून हिरवळ हवीच असेल, तर हरळी हे सर्वांत योग्य गवत होय. गणपतीला वाहिल्या जाणाऱ्या दूर्वा त्या ह्याच. शेतकरी जी हरळी खणून खणून थकतो, तीच अंगणात कौतुकाने लावली जाते, ही गंमत आहे. पण शेतात तिला चिवट ठरवणारा गुणच येथे उपयोगी पडतो. पाणी तोडल्यावर ती पिवळी पडते, मात्र जमिनीखालील खोडे जिवंत राहतात आणि जूनच्या पावसानंतर थोड्याच दिवसांत ती पुन्हा हिरवी होते. उन्हाळ्यात तिला पिवळी पडू देणे हा निष्काळजीपणा नसून तीच तिची योग्य निगा आहे.

लागवड जून-जुलैत करावी. फेब्रुवारीत लावलेली हरळी मूळ धरण्याआधीच उन्हात सापडते. उन्हाळ्यात गवत फार खोल कापू नये, चार-पाच सेंटीमीटर उंची ठेवल्यास माती झाकलेली राहते. रोज थोडे शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात, म्हणून काही दिवसांच्या अंतराने पहाटे भरपूर पाणी देणे हितावह असते. दाट सावलीत हरळी वाढत नाही. चिंचेखाली ती लावण्याचा खटाटोप व्यर्थ जातो.

पाण्याची योजना

जुन्या घरांत मोरीचे पाणी परसात सोडलेले असे व त्यावर अळू, केळ आणि कर्दळ वाढत. त्या काळी भांडी राखेने घासली जात. आजच्या कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये सोडियमचे क्षार असतात. असे पाणी एकाच जागी सोडत राहिल्यास माती कठीण होते व तिच्यावर पांढरा थर चढतो. म्हणून स्नानाचे पाणी वापरावे, कपड्यांचे पहिले साबणपाणी टाळावे आणि पाणी सोडण्याची जागा बदलत राहावी. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या भाज्यांना सांडपाणी देऊ नये.

आळ्यात पालापाचोळा, उसाचे पाचट किंवा वाळलेले गवत यांचे आच्छादन केल्यास बाष्पीभवन बरेच घटते. नव्या रोपाशेजारी मातीचे, पाझरणारे मडके गळ्यापर्यंत पुरून ते पाण्याने भरून ठेवण्याची पद्धतही प्रचलित आहे. डास होऊ नयेत म्हणून त्याचे तोंड झाकणे आवश्यक असते. ५० चौरस मीटर छतावर वर्षभरात सुमारे ३५,००० लिटर पाऊस पडतो. तो साठवता आला नाही तरी विहिरीजवळ किंवा कूपनलिकेजवळ जिरवता येतो.

फळझाडे

दौलताबाद परिसर सीताफळ व पेरू यांसाठी ओळखला जातो, आणि परसबागेलाही हीच झाडे मानवतात. सीताफळाची पाने उन्हाळ्याच्या तोंडाशी गळतात. ज्या दिवसांत पाणी दुर्मीळ असते त्याच दिवसांत झाड विश्रांती घेते. पेरूला एप्रिल-मेमध्ये पाण्याचा ताण देऊन पावसाळ्यात मृगबहार धरला, तर हिवाळ्यात फळे मिळतात. उन्हाळ्यात पेरूची पाने मलूल दिसली म्हणून मायेपोटी पाणी घालणाऱ्याचा बहार मात्र बिघडतो. पेरूची सरदार (लखनौ-४९) ही जात पुण्यातील गणेशखिंड येथे निवडलेली आहे. लिंबू, शेवगा व कढीपत्ता ही झाडेही थोड्या पाण्यावर येतात. शेवग्याच्या फांद्या ठिसूळ असल्याने तो घराच्या भिंतीला किंवा विजेच्या तारांना लागून लावत नाहीत. सावलीसाठी कडुनिंब पश्चिमेच्या बाजूस लावल्यास दुपारचे ऊन अडते.

भाजीपाला

पावसाळ्यात मांडवावर दोडका, कारले, घोसाळी व वाल चढवतात. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मेथी, पालक, कोथिंबीर, मुळा व वांगी घेतली जातात. या प्रदेशात उंच गादीवाफे लवकर वाळतात, म्हणून हिवाळी भाज्यांसाठी जमिनीपेक्षा किंचित खोल वाफे करतात. मार्चपासून लागवड आटोपती घेऊन एखाददुसरा वाफाच शेडनेटखाली किंवा तुराट्यांच्या सावलीत राखला जातो. उन्हाळ्यात डोंगरातील पाला आटला की वानरांच्या टोळ्या परसात उतरतात. कोवळ्या शेंगा व पेरू त्यांच्यापासून वाचवणे कठीण असते. मिरची, लिंबू व कोरफड यांना त्यांचा उपद्रव तुलनेने कमी होतो.