अठरा भागांतला माणूस

नोव्हेंबर महिना म्हणजे आमच्या ऑफिसात हयातीच्या दाखल्यांचा. पेन्शनर मंडळी सकाळपासून बाकावर येऊन बसतात. त्यांत एक माजी फौजी दरवर्षी येतात. गुडघ्यात जुनी दुखापत, आणि रात्रीची झोप कधीचीच उडालेली. मेडिकल बोर्डाने ठरवून दिलेलं अपंगत्व तीस टक्के. फौज सोडल्यावर किती नोकऱ्या केल्या ते त्यांनी एकदा मला बोटांवर मोजून दाखवलं. फॅक्टरीत वॉचमन, हॉटेलात सिक्युरिटी, मग बार्जवर, मग एका दुकानात... एका हाताची बोटं संपली. म्हणाले, "काम मेळटा, पूण तिगना."

मिळतं, पण टिकत नाही. हे 'तिगना' टक्क्यांच्या कागदात कुठे लिहायचं? तो प्रश्न डोक्यात घेऊन वाचत गेलो आणि थेट अमेरिकेत पोचलो. कारण याच एका शब्दासाठी तिथे वेगळा नियम आहे, आणि त्याच्यामागे दीडशेहून अधिक वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात त्यांच्या यादवी युद्धात. १८६२ च्या कायद्याने पूर्ण अपंग झालेल्या साध्या शिपायाला महिना ८ डॉलर ठरले. पूर्ण अपंग म्हणजे कोण, तर ज्याच्याने अंगमेहनतीचं काम होणार नाही तो. दोन वर्षांनी अवयवांचे दर आले. दोन्ही हात किंवा दोन्ही डोळे गेले तर २५ डॉलर, दोन्ही पाय गेले तर २०. पुढे हिशेब आणखी बारीक झाला. तपासणारा डॉक्टर दाखल्यावर अपूर्णांक लिही, ६/१८ वगैरे. माणसाचे अठरा भाग, त्यांतले सहा निकामी! आपल्याकडे आणे-पैचा हिशेब असे, तसलाच हा प्रकार.

या अर्जांसाठी वॉशिंग्टनमध्ये एक अवाढव्य इमारत उभी राहिली, १८८७ साली पुरी झाली. दीडेक हजार कारकून तिथे बसत. बाहेरच्या भिंतीवर सबंध इमारतीला वेढणारी १,२०० फूट लांबीची शिल्पपट्टी आहे. तिच्यात चालणारे सैनिक आहेत, आणि जखमीही आहेत. आज तिथे म्युझियम आहे. कारकुनांचं शिल्प अर्थातच कुठे नाही. असो.

मला मात्र वाचता वाचता थांबवलं ते एका हस्ताक्षर स्पर्धेने. १८६५ मध्ये न्यूयॉर्कच्या विल्यम ओलंड बोर्न या संपादकाने ती जाहीर केली. उजवा हात गमावलेल्या सैनिकांनी डाव्या हाताने लिहून नमुने पाठवायचे, बक्षिसं एकूण १,००० डॉलरची. हेतू स्पष्ट होता. हे लोक कारकुनी करू शकतात, त्यांना नोकऱ्या द्या. शेकडो नमुने आले आणि ते आजही तिथल्या काँग्रेसच्या ग्रंथालयात जपलेले आहेत. काहींचं अक्षर इतकं वळणदार आहे की आमच्या सेक्शनमधल्या दोन्ही हात शाबूत असलेल्यांनी (त्यात मीही आलो) लाजावं. म्हणजे पेन्शनसाठी 'माझ्याने होत नाही' हे सिद्ध करायचं आणि नोकरीसाठी 'होतं' हे. एकाच माणसाने, एकाच वर्षी!

न दिसणाऱ्या दुखण्यांची गोष्ट आणखी अवघड. १८७१ मध्ये डॉक्टर जेकब दा कोस्टा यांनी छातीत धडधडणाऱ्या, धाप लागणाऱ्या सैनिकांवर लेख लिहिला. त्यांना अवयवात मोठासा बिघाड सापडत नव्हता, पण शिपाई कामाला उभा राहू शकत नव्हता. अशा दुखण्याचे अठरापैकी भाग किती?

पहिल्या महायुद्धाच्या वेळी, १९१७ च्या कायद्याने, मोजमाप बदललं. अमुक इजेमुळे सर्वसाधारण माणसाची कमाई सरासरीने किती घटते, त्यावर टक्के ठरवायचे. यात एक शहाणपण होतं. एखादा जिद्दीने चांगला कमवू लागला तरी त्याचे पैसे कापायचे नाहीत. पण सरासरीने जिद्दी माणूस वाचला, तसा तिच्याखालचा माणूस बुडाला. टक्के साठ, पण हातात काम शून्य, त्याचं काय? १९३४ पासून त्यासाठी वाट काढली गेली. टक्के शंभर नसले तरी सेवेतल्या दुखापतीमुळे ज्याची पोटापुरती नोकरी टिकत नाही, त्याला शंभर टक्क्यांची रक्कम.

आजचा नियम असा. एकच अपंगत्व असेल तर किमान ६० टक्के हवं. अनेक असतील तर त्यांतलं एक ४० चं आणि एकत्रित ७०. ही बेरीज शाळेतली नव्हे, पन्नास आणि पन्नास मिळून तिथे पंचाहत्तर होतात, मग दहाच्या पटीत आणण्यासाठी ऐंशी धरतात. वय बघायचं नाही. दारिद्र्यरेषेच्या आतली कमाई किंवा घरच्या धंद्यात सांभाळून घेतलेलं काम, हे नोकरी म्हणून धरायचं नाही. आमच्या फौजींचे तीस टक्के तिथेही उंबरठ्याबाहेरच राहिले असते. अशांचं प्रकरण वरिष्ठांकडे पाठवता येतं म्हणे. वरिष्ठांकडे पाठवणं म्हणजे काय, हे मी वाचकांना काय सांगू?

नियमावर टीकाही झाली. २०१३ मध्ये हा लाभ घेणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक पासष्टीच्या पुढचे होते. मग नोकरीचा प्रश्न येतोच कुठे, असं विचारलं गेलं. २०१७ मध्ये सरकारने अंदाजपत्रकात ठराविक वयानंतर तो बंद करण्याचा प्रस्ताव मांडला. माजी सैनिकांच्या संघटना खवळल्या आणि प्रस्ताव मागे पडला. ज्याची तरुणपणीच नोकरी टिकली नाही, त्याच्याकडे म्हातारपणासाठी शिल्लक कुठली असणार, हे त्यांचं म्हणणं मला पटतं.

त्या अर्जाचा नमुना मी मुद्दाम बघितला. सवयच ती. शेवटच्या पाच वर्षांतले मालक, कामाचा प्रकार, आठवड्याचे तास, असे रकाने आहेत. त्यांत एक रकाना आजारपणामुळे बुडालेल्या वेळेचा. पुढच्या नोव्हेंबरात फौजी आले तेव्हा मी त्यांना सहज विचारलं, "शेवटच्या नोकरीत किती दिवस बुडाले?" ते थोडा वेळ गप्प राहिले, मग म्हणाले, "तें कोणें केन्नाच विचारूंक ना." आणि दाखल्यावर सही करायला माझं पेन मागून घेतलं.